वैमानिकाचे कागद, शिपायाचे कागद

(पेण येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय कळल्यावर आपल्यापैकी एकदोघांनी मला विचारले की, हिटलरच्या हवाई दलातील एका माणसाच्या जुन्या कागदांशी पेणच्या कार्यकर्त्यांना काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देताना मला स्वतःची एक चूकही सांगावी लागणार आहे. पण ती ओघात येईल.

नागोठण्याकडच्या एका कारखान्यात नोकरी करणारा एक तरुण आपल्या वर्गाला अधूनमधून येतो. गेली पाचसहा वर्षे तो एका जर्मन वैमानिकाची कागदपत्रे गोळा करीत आहे. अनेकांची नव्हे, एकाच माणसाची. त्या माणसाचे ‘झोल्डबुख’, म्हणजे पगारपुस्तिका, त्याला जर्मनीतील एका विक्रेत्याकडून मिळाली. हीच पुस्तिका शिपायाचे ओळखपत्रही असे व ती त्याने सदैव खिशात बाळगावी असा नियम होता. ‘फ्लूगबुख’, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, इंग्लंडमधून आली. चाळीसएक छायाचित्रे तीनचार ठिकाणांहून, सुटी सुटी, आली. एका माणसाचे आयुष्य असे चार देशांत का विखुरते, हे मात्र अर्थशास्त्राच्या जुन्या मास्तराला सांगता येते. वारस सारी पेटी एकदम विकतात. व्यापारी ती फोडतो, कारण सुट्या तुकड्यांची एकत्रित किंमत अखंड संचाहून अधिक येते. नोंदवही एकाला, बिल्ला दुसऱ्याला, विमानाच्या शेपटीवरचे स्वस्तिक स्पष्ट दिसणारे छायाचित्र तिसऱ्याला, आणि तेही चढ्या भावाने. शाळेत घेतलेले, आईबरोबरचे छायाचित्र कोणी विचारीत नाही. जर्मनीत नाझी चिन्हांच्या जाहीर प्रदर्शनाला कायद्याने बंदी आहे. शिक्षण, संशोधन अशा कारणांपुरती तीतून सूट आहे. पण बाजार गिऱ्हाइकाला त्याचे कारण विचारीत बसत नाही.

हा तरुण हिटलरभक्त नाही, हे मी पारखून घेतले आहे. त्याचे म्हणणे असे की जर्मन हवाई दलाने युद्धाच्या अखेरीस आपली बहुतेक दप्तरे स्वतःच जाळली. त्यामुळे घरोघर राहिलेल्या या वह्याच पुष्कळदा एकमेव पुरावा ठरतात. ते खरे आहे. त्याने मला नोंदवही दाखवली. रकाने नीटस आहेत: अनुक्रमांक, विमानाचा प्रकार, निघाल्याचे ठिकाण व वेळ, उतरल्याचे ठिकाण व वेळ, आणि उड्डाणाचे प्रयोजन. सरावाचे दिवस संपल्यावर प्रयोजनाच्या रकान्यात एकच शब्द ओळीने येऊ लागतो: ‘फाइंडफ्लूग’, म्हणजे शत्रूवरील उड्डाण. किती वेळ उडाला ते मिनिटांपर्यंत लिहिले आहे. खाली काय झाले त्यासाठी रकानाच नाही. १९३७ च्या एप्रिलमध्ये गेर्निकावर, १९४० च्या मे महिन्यात रॉटरडॅमवर ज्यांनी बाँब टाकले त्यांच्याही वह्या अशाच आखलेल्या असणार. मी जन्मभर जमाखर्चाच्या वह्या वाचल्या. ज्या वहीत खर्चाची बाजूच छापलेली नाही ती खोटी नसते, पण अपुरी असते. म्हणून मी त्या तरुणाला म्हटले, कागद गोळा कर. पण प्रत्येक नोंदीसमोर त्या तारखेला त्या गावात काय घडले ते शोधून लिही. त्याने ते काम सुरू केले आहे, आणि आता त्याचा वेग पुष्कळ मंदावला आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. ज्या युद्धात हा वैमानिक उडत होता, त्याच युद्धात तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, तरुण जर्मनांशी लढत होते. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले, १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. तुकडीतील सारे मेले वा जखमी झाल्यावर ते एकटे मशिनगनवर धावून गेले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही. नाव इटलीतील कॅसिनोच्या स्मारकावर आहे, आणि माणगावात पुतळा आहे. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्याची हकिगत गॅझेटात येते, म्हणून ती राहिली. त्यांच्याबरोबर गेलेल्या बाकीच्यांचे काय? १९३९ साली सुमारे दोन लाख असलेले हिंदी सैन्य १९४५ पर्यंत पंचवीस लाखांच्या घरात गेले. सगळे स्वेच्छेने भरती झाले असे इतिहासात लिहितात. डोंगरउतारावरची वरकस जमीन, खोताची किंवा सावकाराची बाकी आणि घरात खाणारी सात तोंडे, एवढे लक्षात घेतले म्हणजे त्या ‘स्वेच्छे’चा अर्थ आपल्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

त्या युद्धापायी ब्रिटनकडे हिंदुस्थानचे सुमारे १३० कोटी पौंड येणे झाले. ही पौंड-शिल्लक पैपर्यंत हिशेबात होती, तिच्यावर ग्रंथ झाले, मीही ती वर्षानुवर्षे शिकवली. पण ज्यांच्या कष्टाची ती शिल्लक, त्यांच्यापैकी बहुतेकांची नोकरी १९४५-४६ मध्ये संपली. पेन्शनीला लागणारी वर्षे भरली नव्हती. हाती आले ते थोडे पैसे, दोनचार पदके आणि एक डिस्चार्ज बुक. हिंदी शिपायांच्या पदकांवर नाव व क्रमांक कोरलेला असे. ब्रिटिश शिपायांची तीच पदके बहुधा कोरी दिली गेली. त्यामुळे मोडीत निघालेले आपल्याकडचे पदकही त्याच्या घरापर्यंत परत नेता येते. पुढे राज्य शासनाने दुसऱ्या महायुद्धातील पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना दरमहा अनुदान देण्यास सुरुवात केली. त्यासाठी सेवेचा पुरावा लागतो, म्हणजे हेच पुस्तक लागते.

आता माझी चूक. १९८० नंतरच्या दशकात मी तरुण प्राध्यापक होतो आणि ‘युद्ध आणि ग्रामीण अर्थव्यवस्था’ असे एक प्रदर्शन महाविद्यालयात भरवायचे माझ्या मनात होते. रोहा तालुक्यातील एका खेड्यात एका माजी शिपायाच्या विधवेने मला तिच्या नवऱ्याचे डिस्चार्ज बुक आणि एक छायाचित्र दिले. पुस्तकात नाव, बापाचे नाव, गाव, उंची, गालावरचा व्रण, अंगठा आणि नोकरी संपण्याचे कारण होते: सेवेची यापुढे आवश्यकता नाही. छायाचित्र कैरोच्या स्टुडिओतले. मागे रंगवलेला पिरॅमिड, पुढे हातात टोपी धरलेला बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. म्हातारी म्हणाली, “मास्तर, काम झालं की आणून द्या हां.” मी हो म्हटले. प्रदर्शन झाले, चांगले झाले, सत्कारही झाला. पुस्तक माझ्या फायलीत राहिले. बदली, घर बदलणे, मुलांची शिक्षणे, अशी कारणे सांगता येतील, सांगत नाही.

निवृत्तीनंतर कपाट आवरताना ते सापडले. मी रोह्याला गेलो. म्हातारी जाऊन बारा वर्षे झाली होती. तिच्या सुनेने सांगितले की सासूने अनुदानासाठी अर्ज केला होता. कचेरीतल्या माणसाने सभ्यपणे पुस्तक मागितले, आणि तिने सांगितले की ते एका मास्तरांकडे आहे. मास्तरांचे नाव तिला आठवत नव्हते, कॉलेज कोणते तेही ठाऊक नव्हते. ती तीनदा गेली, मग थांबली. सुनेने रागाचा एक शब्द उच्चारला नाही. पुस्तक हातात घेऊन उलटसुलट केले आणि विचारले, “आता याचं काय करू?” मला उत्तर सुचले नाही. आजही सुचलेले नाही.

जर्मन वैमानिकाचे कागद गोळा करणाऱ्या तरुणाला मी हे सारे सांगितले. तो म्हणाला, सर, मग आपण मूळ कागद घ्यायचेच नाहीत. ते मला पटले. आपल्याकडे गोळा करणे म्हणजे उचलून आणणे, असा समज रूढ आहे. संग्राहक मोबदला देऊन उचलतो, प्राध्यापक ज्ञानाच्या नावाने उचलतो, भंगारवाला किलोने उचलतो. ज्या घरचा कागद, त्याच घरच्या पेटीत तो राहायला हवा. आपण फक्त प्रत काढावी आणि तिच्यावर कोणाकडून, कोणत्या गावी, कोणत्या दिवशी घेतली ते लिहावे. सैनिकी कागद एकटा वेगळा काढू नये. त्याच पेटीत सातबारा, सावकाराची पावती, मनीऑर्डरीचे कुपन असते. ते शेजारी असले म्हणजेच माणूस भरतीला का गेला ते कळते. फेब्रुवारी १९४६ च्या नौदलाच्या उठावानंतर ज्यांना काढून टाकले त्या खलाशांतही कोकणातली मुले होती. त्यांचे बडतर्फीचे कागद कोणा घरी लाजेने लपवून ठेवलेले असतील. त्या उठावातील सहभाग पुढे स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनीसाठी मान्य झाला, हे त्या घरांना आवर्जून सांगा.

येत्या रविवारपासून आम्ही पाच जण रोहा आणि माणगावकडच्या वाड्यावस्त्यांवर जाणार आहोत. प्रत काढण्याचे यंत्र त्या तरुणाकडे आहे. आणखी तिघेचौघे आले तर बरे होईल. ज्यांना तिकडची बोली आणि नाती ठाऊक आहेत अशी माणसे हवीत. छायाचित्राच्या मागे नाव लिहायचे तर घरच्यांना विचारून, शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने आणि कडेला लिहा. शाईचे पेन नेऊ नका. शाई पुढच्या बाजूला उमटते.