बोलके मूल : घराची ठेव



लहान मूल अखंड बोलू लागले की प्रथम कौतुक होते. तेच दिवसभर ‘हे काय?’ विचारू लागले की ‘गप्प बस’ ऐकते. उत्तर मिळाले तरच वाणी फुलते, हे आम्ही शिक्षक जाणतो. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आपल्या बीड जिल्ह्यातील कितीतरी जोडपी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात. फडाच्या बांधावरील चिमुकल्यास उत्तर देण्याची तेथे कोणास उसंत? मग बोलही आटतात. निदान कोपीत चूल पेटल्यावर घटकाभर त्याचे ऐकावे, त्यास उत्तर द्यावे, अशी आमची सर्व ज्ञातिबांधवांस विनंती आहे.