पेटीबाहेरच्या मधमाश्या



मधमाशी म्हटली की मध आठवतो आणि मध म्हटला की पेटी. आज बोलायचे आहे ते पेटीत न राहणाऱ्या माश्यांविषयी. जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. आग्या, सातेरी, फुलोरी ही त्यांतली मोजकी मंडळी. उरलेल्यांपैकी बहुतेक एकट्या राहतात. त्यांना ना पोळे, ना मधाचा साठा. निम्म्याहून अधिक जाती मातीत बिळे करतात, काही वाळक्या लाकडात.

आपल्या वसईची ख्याती केळ्यांची आणि विड्याच्या पानांची. या दोघांनाही परागीभवन लागत नाही. केळे बीजाविना धरते, पानवेल कांड्या लावून वाढते. म्हणून असेल कदाचित, कीटकांचे देणे आपल्या हिशेबात कधी आलेच नाही.

पण भाजीच्या वाफ्यात उतरा. वांग्याच्या फुलातला पराग बंद नळीत असतो आणि नळीच्या टोकाला बारीक छिद्रे. मीठदाणीसारखे हलवल्याशिवाय त्यातून काही सांडत नाही. सातेरीला ते जमत नाही. निळ्या पट्ट्यांची रानमाशी किंवा काळा भुंगा मात्र फुलाला घट्ट बिलगतो, पंख मिटून छातीचे स्नायू थरथरवतो. भुणभुण एकदम चढते आणि पिवळी पूड त्याच्या पोटावर पडते. वांगे स्वतःच्या परागानेही फळते. या थरथरीने अधिक फळते.

मांडवावरच्या पडवळाची गोष्ट आणखी निराळी. नरफूल वेगळे, मादीफूल वेगळे आणि दोन्ही उमलतात दिवेलागणीनंतर. तिथे पाळी पतंगांची. खाडीकाठच्या चिप्पी या खारफुटीची फुलेही रात्रीचीच. त्यांच्याकडे वटवाघळे आणि पतंग येतात.

अशा रात्रीच्या पाहुण्यांवरचा स्वित्झर्लंडमधला एक प्रयोग २०१७ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अंधाऱ्या कुरणांत रस्त्यावरचे दिवे लावले, तर फुलांवरच्या रात्रीच्या भेटी ६२ टक्क्यांनी घटल्या. अभ्यासलेल्या एका वनस्पतीची फळधारणा १३ टक्क्यांनी उतरली. दिवसा येणाऱ्या कीटकांना ती तूट भरून काढता आली नाही. आपल्याकडे २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, २०११च्या जनगणनेत आपण बारा लाखांवर गेलो. वाडीच्या कडेला प्रखर दिवे आले, अंगणात पेव्हर ब्लॉक आले. रात्रीचा पाहुणा दिव्याने अडला, दिवसाच्या पाहुण्याचे घर फरशीखाली गेले.

यावर 'पेट्या ठेवू' हे उत्तर पुरे पडणार नाही. पेटीतली माशी वांगे थरथरवत नाही आणि रात्री पडवळाकडे फिरकत नाही.

कोणत्या फुलाला कोणता पाहुणा लागतो, याच्या संशोधनाची सुरुवात तुमच्या वाडीतही करता येईल. पडवळाची काही मादीफुले उमलण्याआधी जाळीच्या पिशवीने झाका, काही उघडी ठेवा आणि दोन्हींकडची फळे मोजा. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठचा एक कोपरा न खणता सोडा, एखादी वाळकी फांदी तशीच राहू द्या आणि मांडवावरचा दिवा रात्री मालवा. एवढे या हंगामापासून करा, अशी माझी विनंती आहे.