मनगटावरील मापन : नोंद आणि अनुमान

भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. अचूक मापनावर उभ्या राहिलेल्या या नगरीत स्मार्ट घड्याळाचा विचार औचित्यपूर्ण ठरतो.

हे घड्याळ मोजक्याच गोष्टी टिपते : हिरव्या प्रकाशाच्या परावर्तनातून नाडीचे ठोके, त्वरणमापकातून हाताची हालचाल आणि उपग्रहांच्या संकेतांवरून स्थान. धावताना ही तिन्ही साधने परस्परपूरक ठरतात. तरणतलावात हाताचे फटके व वळणे मोजली जातात. सायकलवर मनगट जवळपास स्थिर असल्याने पावलांची गणना निरुपयोगी ठरते. वजन उचलताना आवळलेल्या मुठीमुळे नाडीची नोंद बिघडू शकते. खर्च झालेल्या उष्मांकांचा आकडा तर वय, वजन, हालचाल व ठोके यांवरून बांधलेले अनुमानच होय. भिलाईच्या कडक उन्हाळ्यात उष्म्यानेही ठोके वाढतात. तेही व्यायामाच्या खाती जमा होऊ शकतात.

म्हणूनच केवळ अशा आकड्यांवरून विम्याचा हप्ता किंवा कामगाराची क्षमता ठरविणे अन्यायकारक होईल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये व्यक्तीच्या संमतीला मध्यवर्ती स्थान आहे. परंतु नोंद कोणती आणि अनुमान कोणते, हे उमगल्याशिवाय दिलेली संमती अपुरीच राहते.