गंगेचा गडू निवडताना



आम्ही काशीकर मराठी मंडळी गावी निघालो, की आप्तांचा निरोप ठरलेला असतो : येताना गंगेचा गडू आणा. हा तांब्याचा गडू देवघरात वर्षानुवर्षे राहतो आणि बहुधा एकदाच, कुणाच्या तरी अंतकाळी, फोडला जातो. त्या क्षणी तो कोरडा निघाला, तर दुसरा आणण्यास अवधी नसतो. म्हणून ठठेरी बाजारात आम्ही नक्षीपेक्षा तोंडाचा सांधा पाहतो.

जयपूरचे महाराज माधोसिंह १९०२ साली विलायतेस गेले, तेव्हा गंगाजळ नेण्याचे त्यांचे चांदीचे रांजण, प्रत्येकी सुमारे ३४५ किलोंचे, बिनसांध्याचे घडविलेले होते. आपल्या गडूला मात्र सांधा अटळ आहे. झाकण कथील-शिशाच्या रसाने जोडतात. तो रस तोंडाभोवती सलग हवा. सुईएवढ्या छिद्रातूनही पाणी हळूहळू उडून जाते. गडू पुसून रात्रभर कोऱ्या कागदावर पालथा ठेवावा. डाग उमटल्यास बदलून घ्यावा. रसात शिसे असल्याने हे पाणी थेंबभर तीर्थापुरतेच वापरावे.

आप्तांच्या हाती गडू देताना त्याचे वजन चिठ्ठीवर लिहून द्यावे. दरवर्षी तोलून पाहिल्यास न फोडताच आतले पाणी कळते.