रोग्याचे आकडे कोणाच्या हातात?



आरोग्य आणि नवी यंत्रविद्या या विषयावर बोलायला चालकांनी डॉक्टर सोडून कामगार संघटनेच्या माणसाला का बोलावले, हे मला अजून उमगलेले नाही. माझे शिक्षण सातवीत थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकावर. तेव्हा मी डॉक्टरकी सांगणार नाही. पाहिलेले आणि वाचून पडताळलेले तेवढे सांगतो.

आपल्या कोराडीचे वीजकेंद्र १९७४ पासून चालू आहे. आज तेथे ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. टर्बाइनच्या बेअरिंगचे तापमान किती, थरथर किती, याची नोंद तेथे रात्रंदिवस होते. सुटा आकडा फारसे काही सांगत नाही. कालचा, मागल्या महिन्याचा आकडा शेजारी ठेवला म्हणजे बिघाडाची चाहूल आधीच लागते. यंत्राची ही काळजी योग्यच आहे. पण यंत्राजवळ तीस वर्षे उभ्या राहणाऱ्या माणसाची अशी नोंद कोठे असते?

माझ्या ओळखीचा एक कंत्राटी कामगार कोळशाच्या धुळीत काम करी. कोठे, ते सांगत नाही. बावीस वर्षांत त्याचे चार कंत्राटदार झाले. छातीचा फोटो निघे, ‘ठीक आहे’ असे तोंडी सांगितले जाई आणि कंत्राटदार बदलला की कागद त्याच्याबरोबर जात. पुढे त्याला जिना चढवेना. नागपूरच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, “जुने फोटो आणलेत का?” त्याच्याजवळ एकही नव्हता.

तो प्रश्न का विचारला, हे मला नंतर कळले. नळीत जोराने फुंकून फुप्फुसांची ताकद मोजण्याचे एक यंत्र असते. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे ते सांगते. तिशी ओलांडल्यावर निरोगी माणसाचाही हा आकडा वर्षाला सुमारे ३० मिलिलिटरने घटतो. कोणाचा त्याच्या तिप्पट घटत असला, तरी मूळचा धडधाकट गडी एका तपासणीत ‘ठीक’च दिसेल. पाच-सात वर्षांचे आकडे ओळीने मांडावेत, तेव्हा घसरण दिसते. आणि त्या वेळी माणसाला धुळीतून हलवता येते.

हे सारे मोठ्या यंत्रांचे काम, असे कोणी म्हणेल. तसे नाही. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ संस्था उभारली आणि गावोगाव जन्मलेली व दगावलेली मुले मोजली. न्यूमोनियाने मुले जातात हे दिसले. मग श्वास मोजण्याचे साधन केले: एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. घटिका संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचलो तर औषध सुरू करायचे. ज्या दाईला शंभरपर्यंत मोजता येत नव्हते, तिलाही निदान करता येऊ लागले! पुढे १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांतल्या आरोग्यदूतांनी घरी जाऊन नवजात बाळांना तपासले, लिहून ठेवले, गरज पडली तेव्हा इंजेक्शनही दिले. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू हजारी ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले, आणि २०११ पासून देशभर आशाताईंच्या घरभेटींत ही पद्धत आली. तेथे मोजणारीच बाळाच्या उशाशी बसलेली होती. आकडा कचेरीत जाऊन परत येईपर्यंत थांबावे लागत नव्हते.

आता तर संगणक छातीचा फोटो वाचून संशयाची जागा दाखवतो. २०२१ पासून आरोग्यखात्याचा १४ अंकी क्रमांक देशभर मिळू लागला आहे. चार दवाखान्यांतले कागद त्याखाली जोडता येतात. माझ्या त्या मित्राला हा क्रमांक वीस वर्षांपूर्वी मिळाला असता तर, असे मनात येते. पण संघटनेच्या माणसाला दुसरीही भीती दिसते. हाच कागद मुकादमाच्या हाती पडला, तर ‘याची छाती खराब, उद्यापासून येऊ नको’ म्हणायला तो मोकळा. रोग्याच्या संमतीवाचून नोंद दाखवायची नाही असा नियम आहे. परंतु फाटकावर अंगठा मागितला, तर पोटासाठी आलेल्या माणसाची संमती ती काय?

१९८७ साली, भोपाळच्या दुर्घटनेनंतर, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या उद्योगांत कामगाराच्या आरोग्याची नोंद ठेवावी आणि ती त्याला पाहता यावी, असे कलम आले. त्या उद्योगांच्या यादीत वीजनिर्मितीही होती. मी ते कलम वाचले तेव्हा मला आश्चर्य वाटले. आमच्या कित्येक माणसांना ते ठाऊकच नव्हते.

म्हणून आम्ही एक लहानसे काम धरले आहे. तपासणी झाली की प्रत मागायची आणि आपल्याच वहीत तारखेसह चिकटवायची. काही जणांना प्रत मिळाली, काहींना ‘साहेब नाहीत’ असे उत्तर मिळाले. ज्यांच्या पेटीत जुने फोटो पडले असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. रविवारी सकाळी घेऊन यावेत. एक डॉक्टर येऊन बसायला तयार झाले आहेत. फोटो ऊन आणि ओल लागणार नाही असे आणा, म्हणजे झाले.