चाळीस वजनाचे तिघे

नागपुरातला सीताबर्डीचा किल्ला म्हटला की 1817 सालची भोसले आणि इंग्रजांची लढाई आठवते. पण किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे तिच्या काळ्या दगडाचा इतिहास त्याहून कितीतरी जुना. हा दगड म्हणजे बेसाल्ट, दख्खनच्या पठारावर पसरलेल्या लाव्ह्याचा थिजलेला थर. पश्चिमेकडून आलेला हा लाव्हा नागपूरच्या आसपास संपतो आणि पूर्वेला त्याहूनही प्राचीन, निराळ्या जातीचे खडक सुरू होतात. ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्या शहरात आहे, त्या मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात या परिसरातल्या थरांचा आणि त्यांतल्या जीवाश्मांचा बारकाईनं अभ्यास केला. कोणता थर आधीचा, कोणता नंतरचा, हे त्यांना सांगता येत होतं. किती वर्षांपूर्वीचा, हे सांगण्याचं साधन त्या काळी कुणाकडेच नव्हतं. आज दख्खनचा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा आहे असं आपण सांगतो. हा आकडा ज्या पुराव्यावर उभा आहे, तोच पुरावा आणखी एका प्रश्नाचा निकाल लावतो. अणूची ओळख नेमकी कशावरून ठरते, हा तो प्रश्न.

शाळेत आपण उत्तर पाठ केलेलं असतं. अणूच्या मध्यभागी केंद्रक, त्यात धन प्रभाराचे प्रोटॉन आणि प्रभार नसलेले न्यूट्रॉन, भोवती ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन. प्रोटॉन मोजले की मूलद्रव्य कळतं, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून वस्तुमानांक होतो, आणि प्रोटॉन-इलेक्ट्रॉनांच्या संख्येतल्या फरकावरून प्रभार ठरतो. तिन्ही विधानं खरी आहेत. पण एका दमात म्हटल्यामुळे तिन्ही सारख्याच तोलाची वाटतात आणि ओळखीचा मान प्रोटॉनलाच का, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. माझं म्हणणं असं की वजन सारखं असूनही ओळख वेगळी असू शकते, इलेक्ट्रॉन सारखे असूनही ओळख वेगळी असू शकते, आणि ही दोन्ही सारखी असली तरीही ओळख वेगळी असू शकते. त्याचे साक्षीदार या बेसाल्टातच आहेत.

आधी वजनाचं पाहू. सीताबर्डीच्या बाजारात किलोभर साखर आणि किलोभर तांदूळ तराजूला सारखेच. माल कोणता ते तराजू सांगत नाही. तरीही एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांनी अणुभारालाच ओळखीचा आधार मानलं, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता, कारण मोजता येण्यासारखी तीच एक गोष्ट हाती होती. मेंडेलीव्ह यांनी 1869 मध्ये मूलद्रव्यांची सारणी मांडली ती अणुभाराच्या चढत्या क्रमानं. पुढे 1894 मध्ये हवेत आर्गॉन हा वायू सापडला आणि पंचाईत झाली. आर्गॉनचा अणुभार 39.95, तर पोटॅशियमचा 39.10. भाराचा क्रम काटेकोर पाळायचा तर पोटॅशियम आधी आणि आर्गॉन नंतर. म्हणजे पाण्यात टाकताच पेट घेणारा धातू जाऊन बसणार निष्क्रिय वायूंच्या रांगेत आणि कशाशीच संयोग न पावणारा वायू येणार सोडियमच्या शेजारी! 1913 मध्ये हेन्री मोस्ली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञानं मूलद्रव्यांतून निघणारे क्ष-किरण मोजले तेव्हा वाट सापडली. एका मूलद्रव्यापासून पुढच्याकडे जाताना या किरणांच्या वारंवारतेचं वर्गमूळ ठरावीक पायरीनं वाढत होतं, आणि ती पायरी भाराची नसून केंद्रकातल्या धन प्रभाराची होती. या हिशेबात आर्गॉन 18, पोटॅशियम 19, कॅल्शियम 20. क्रमाचा प्रश्न मिटला. पण क्रमांक लहान असून आर्गॉन भारी का, हे कोडं काही वर्षं तसंच राहिलं. त्याचं उत्तर पोटॅशियमच्याच पोटात होतं.

निसर्गातलं बहुतेक पोटॅशियम 39 किंवा 41 वस्तुमानांकाचं असतं. दहा हजार अणूंत जेमतेम एखादा अणू 40 चा निघतो. त्यात प्रोटॉन 19 आणि न्यूट्रॉन 21, आणि तो कायम टिकत नाही. असे शंभर अणू मोडले तर सुमारे 89 अणूंत एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो आणि 20 प्रोटॉनांचं कॅल्शियम तयार होतं. उरलेल्या सुमारे 11 अणूंत उलटं घडतं. केंद्रक जवळचाच एक इलेक्ट्रॉन ओढून घेतं, एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि 18 प्रोटॉनांचा आर्गॉन हाती येतो. तिघांचाही वस्तुमानांक 40. एक मऊ धातू, एक निष्क्रिय वायू आणि एक हाडांत, चुन्यात सापडणारं मूलद्रव्य. पृथ्वीवरच्या हवेतला जवळजवळ सगळा आर्गॉन 40 वस्तुमानांकाचा आहे, कारण तो खडकांतल्या पोटॅशियमपासूनच जन्मलेला. त्याच्या भारीपणाचं कारण हेच.

इथे कुणी म्हणेल, वजनाचा दावा आम्ही सोडला. पण रासायनिक वागणूक तर इलेक्ट्रॉन ठरवतात, मग ओळख त्यांचीच का मानू नये? आक्षेप वजनदार आहे. संयोग, रंग, विजेचं वहन हा सगळा इलेक्ट्रॉनांचा व्यवहार आहे. पण इलेक्ट्रॉन येतात-जातात. खडकातल्या पोटॅशियमनं एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो, म्हणजे त्याच्याकडे उरतात 18. कॅल्शियमनं दोन गमावलेले, त्याच्याकडेही 18. आर्गॉननं काहीच गमावलेलं नसतं, त्याचे मुळातच 18. म्हणजे एकाच दगडात वस्तुमानांक 40 आणि इलेक्ट्रॉन 18 असलेले तिघे शेजारी शेजारी आहेत आणि तरीही ते तीन निरनिराळी मूलद्रव्यं आहेत. फरक उरला तो फक्त प्रोटॉनांचा. 20 प्रोटॉनांचं केंद्रक त्याच 18 इलेक्ट्रॉनांना जास्त जोरानं ओढतं, म्हणून कॅल्शियमचा आयन पोटॅशियमच्या आयनापेक्षा लहान आणि दुप्पट प्रभाराचा असतो. खनिजात त्याची जागाही वेगळी. इलेक्ट्रॉन व्यवहार करतात हे खरं, पण किती इलेक्ट्रॉन धरायचे आणि किती घट्ट, हे केंद्रकातले प्रोटॉन ठरवतात.

याची उलट बाजू आपल्या मँगनीजमध्ये दिसते. रामटेकजवळच्या मनसरची, भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गची खाण सगळ्यांना ठाऊक आहे. या खाणी चालवणाऱ्या मॉइल कंपनीचं मुख्यालय नागपुरातच आहे. डोंगरी बुजुर्गच्या काळ्या मँगनीज डायऑक्साइडचा उपयोग कोरड्या बॅटरीत होतो. त्यात मँगनीजचे चार इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या खात्यावर मांडलेले असतात, आणि बॅटरी चालते तेव्हा मँगनीज एकेक इलेक्ट्रॉन परत घेतं. विहिरीत टाकायच्या जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटमध्ये हेच खातं सातापर्यंत जातं. काळ्याचा जांभळा रंग झाला, इलेक्ट्रॉनांचा हिशेब बदलला, पण प्रोटॉन 25 चे 25 राहिले, म्हणून मँगनीज मँगनीजच राहिलं. वजनाच्या बाबतीत तर इलेक्ट्रॉनांचा वाटा नगण्य. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे 1836 पट जड. बेसाल्टचा शंभर किलोचा धोंडा घेतला तर त्यात सगळे इलेक्ट्रॉन मिळून 27 ग्रॅमच्या आसपास भरतील.

दुसरा आक्षेप जड पाण्याचा. रायगड जिल्ह्यात थळ इथे जड पाण्याचा कारखाना आहे. या पाण्यातल्या हायड्रोजनमध्ये एक न्यूट्रॉन जास्त असतो, आणि ते 0 ऐवजी 3.8 अंश सेल्सिअसला गोठतं. मग न्यूट्रॉननंही गुणधर्म बदललेच की! बदलले, पण किती? हायड्रोजनचं वजन थेट दुप्पट झालं, म्हणून फरक डोळ्यांत भरतो. पोटॅशियमच्या 39 चे 41 झाले तर तो शोधायला नाजूक उपकरणं लागतात. शिवाय जड पाणी हे पाणीच राहतं. न्यूट्रॉनमुळे क्रियेचा वेग आणि गोठण्या-उकळण्याचे अंश हलतात. पण एका प्रोटॉनची भर पडली की हायड्रोजनचा हेलियम होतो आणि पाण्याची गोष्टच संपते. न्यूट्रॉनचं खरं महत्त्व टिकाऊपणात आहे. पोटॅशियम 39 मध्ये 20 न्यूट्रॉन, तो स्थिर. 21 न्यूट्रॉनांचा 40 मोडतो.

वस्तुमान म्हणजे कणांची निव्वळ बेरीज, हेही पूर्ण खरं नाही. 20 प्रोटॉन, 20 न्यूट्रॉन आणि 20 इलेक्ट्रॉन सुटे तोलले तर त्यांचं वजन कॅल्शियम 40 च्या अणूपेक्षा जवळजवळ एक टक्क्यानं जास्त भरतं. केंद्रक जुळताना तेवढं वस्तुमान ऊर्जेच्या रूपानं निघून गेलेलं असतं. आपल्या तिघांतही पोटॅशियम 40 किंचित जड आहे, शंभर किलोमागे साधारण चार ग्रॅम, आणि म्हणूनच त्याला दोन्ही बाजूंना उतरण्याची वाट मिळते. वस्तुमानांक सारखा असला तरी वस्तुमान तंतोतंत सारखं नसतं. पण हा फरक ओळख ठरवत नाही, कोण मोडेल आणि कोण टिकेल ते ठरवतो.

आता दगडाच्या वयाकडे येऊ. लाव्हा पातळ असतो तोवर आर्गॉन निसटून जातो. खडक थिजला की नवा तयार होणारा आर्गॉन आत अडकतो. पोटॅशियम 40 चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू मोडायला लागणारा काळ, सुमारे 125 कोटी वर्षं आहे. या हिशेबानं 6 कोटी 60 लाख वर्षांत हजारांतले साधारण 36 अणू मोडले असतील, आणि त्यांतून आर्गॉनचे जेमतेम चार. कॅल्शियमचा उपयोग इथे होत नाही, कारण बेसाल्टात ते आधीपासूनच भरपूर असतं. दगड जुना होऊन झिजला तर आर्गॉन सुटून वय कमी निघतं, ही शंका रास्त आहे. म्हणून ताजा, न कुजलेला गाभा निवडतात आणि तो टप्प्याटप्प्यानं तापवून पाहतात. पवईच्या आयआयटीतही अशा मापनाची प्रयोगशाळा आहे. या पद्धतीत नमुना आधी अणुभट्टीत ठेवतात. तिथे न्यूट्रॉन आत शिरतो, प्रोटॉन बाहेर पडतो, आणि पोटॅशियम 39 चा आर्गॉन 39 होतो. मग पोटॅशियम किती होतं आणि आर्गॉन किती जमला, हे दोन्ही आर्गॉनच्याच मापानं एकदम कळतं. वजनाचा आकडा हलला नाही, एक प्रोटॉन गेला आणि मूलद्रव्य बदललं. निसर्गानं कोट्यवधी वर्षं केलेलं काम माणूस अणुभट्टीत मुद्दाम करून घेतो. अणूची ओळख वजनात असती तर पोटॅशियम 40 आणि आर्गॉन 40 आपल्याला एकच वाटले असते, आणि दख्खनच्या दगडाला वय विचारण्याचा हा मार्गच उरला नसता. तेव्हा मुलांना तीन व्याख्या जरूर पाठ करू द्या, पण पुढचा प्रश्नही त्यांना विचारा: यांतली कोणती संख्या बदलली तर मूलद्रव्याचं नाव बदलेल?