डॉक्टर थोडे, कामगार पुष्कळ
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मी काही डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, निम्मे आयुष्य इंजिनांच्या शेडमध्ये गेलेला माणूस. तरी हा विषय माझ्याकडे आला, कारण कामगारांच्या मानसिक आरोग्यासाठी भिलाईत तज्ज्ञ डॉक्टरांची एक संघटना असावी, असा विचार आपल्यातल्या काही मंडळींनी मांडला आहे. विचार उत्तम आहे. माझे म्हणणे एवढेच, की ती नुसती डॉक्टरांची नसावी.

या विषयाशी रेल्वेचे नाते फार जुने आहे. इंग्लंडात रेल्वे अपघातातून हाडही न मोडता वाचलेली माणसे पुढे कित्येक महिने झोपेविना, थरथरत काढत. १८६६ साली जॉन एरिक्सन या सर्जनने त्यावर पुस्तक लिहिले आणि हे दुखणे ‘रेल्वे स्पाइन’ म्हणून प्रसिद्ध झाले. कण्याला हादरा बसतो, अशी समजूत होती. १८८३ साली हर्बर्ट पेजने सांगितले की मूळ पुष्कळदा कण्यात नसून भीतीत असते. आज ते पटते. पण पेज हा रेल्वे कंपनीचाच सर्जन, आणि भरपाईच्या दाव्यांत त्याचे मत कंपन्यांच्या सोयीचे होते. अमेरिकेत १८८८ साली रेल्वे सर्जनांची राष्ट्रीय संघटना झाली, तीही कंपन्यांसाठी काम करणाऱ्या डॉक्टरांचीच. ज्ञान खरे असेल, पण जखमी माणसाला तो डॉक्टर आपला वाटावा कसा?

ही अडचण अजून संपलेली नाही. लोको पायलटला ‘ए-वन’ वैद्यकीय श्रेणी लागते. ड्यूटीवर येताना लॉबीत श्वासाची तपासणी होते. दारू घेतली की नाही ते यंत्र सांगते. पण गाडीखाली कोणी आले आणि तेव्हापासून पंधरा दिवस डोळ्याला डोळा नाही, हे कोणतेच यंत्र सांगत नाही. ते त्यानेच सांगावे लागते, आणि तो सांगत नाही. ‘अनफिट’ झालो तर इंजिन सुटेल, रनिंग भत्ता जाईल, पोरांच्या फिया कुठून भरायच्या? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आले तर सरकारी आस्थापनेला माणूस काढता येत नाही, हुद्दा खाली आणता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यावे लागते. मानसिक आजारही त्या कायद्याच्या यादीत आहे. हे सांगायला मानसोपचारतज्ज्ञ कशाला हवा? युनियनचा माणूस, टाइमकीपर, शेजारच्या बेंचवरचा सोबतीही सांगू शकतो.

शिवाय डॉक्टर आणायचे कुठून? देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नव्हता, ही २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या वेळची स्थिती. म्हणूनच बंगळुरूच्या निम्हान्सने आपल्या छत्तीसगडमधल्या सरकारी दवाखान्यांतल्या साध्या एमबीबीएस डॉक्टरांना दूरदृश्य पद्धतीने हे शास्त्र शिकवायला घेतले.

आता आपल्या माहेरचे उदाहरण. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पुलं आणि सुनीताबाईंनी देणगी दिली, हे आपण जाणतोच. मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती ही, की जे व्यसनातून बाहेर पडले त्यांनाच शिकवून तिथे समुपदेशक केले गेले. ज्याने स्वतः पगाराच्या दिवशी घराची वाट चुकवली आहे, त्याला नवा आलेला माणूस थापा कशा मारणार! पत्नींसाठी ‘सहचरी’ गट निघाला, गावोगावी पाठपुराव्याच्या बैठका होऊ लागल्या, कारखान्यांतल्या कामगारांसाठीही कार्यक्रम झाले. १९९७ साली अनिताताई गेल्या. संस्थापक गेला की संस्था कशा कोलमडतात, हे आपण मंडळांतही पाहतो. मुक्तांगण चालू राहिले. मुक्ता पुणतांबेकरांनी धुरा घेतली, पण हाताखाली तयार झालेली माणसे होती म्हणून ते जमले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली मानसिक आरोग्य संस्था काढली, तिथेही प्रशिक्षित कार्यकर्ते हाच कणा.

याचा अर्थ डॉक्टर नको असा कोणी घेऊ नये. औषध त्यांनीच द्यायचे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी बोलू लागला तर सोबत्याने शहाणपण न शिकवता त्याला एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यायचे. रात्री-अपरात्री ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. आणि इथे बोललेले तिथे जाता कामा नये. साहेबाच्या टेबलावर एक जरी नाव पोहोचले, तर दुसऱ्या दिवसापासून बैठकीला कोणी फिरकणार नाही. त्यामुळे पदाधिकाऱ्यांत व्यवस्थापनाचा माणूस नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे. काहींना ते आवडणार नाही.

राहिला वर्गणीचा प्रश्न. डॉक्टरांनी पैशांऐवजी शिकवण्याचे तास द्यावेत. जागा, चहा आणि माणसे आपण देऊ. पहिल्या वर्गाला आठ-दहा जण पुरेत. त्यांत निम्म्या तरी भगिनी असाव्यात, कारण घरातला माणूस बदलला की ते आधी त्यांनाच कळते. इच्छुकांनी आपली नावे विसर्जनापूर्वी सचिवांकडे द्यावीत.